सात नंबरची जर्सी आणि १३० अब्ज डॉलर

मागच्या आठवड्यात भाच्यानं पुण्याहून एक पीडीएफ पाठवली. स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये एमबीए करतोय तो, असला कोर्स असतो हे त्याची फी भरायची वेळ आली तेव्हा आम्हाला कळलं. पीडीएफमध्ये रंगीत आलेख आणि मधोमध मोठ्या अक्षरात लिहिलेलं, भारतातला खेळाचा बाजार २०३० पर्यंत १३० अब्ज डॉलर. खाली त्याचा मेसेज, "मामा, आता तुमचा धंदा सुटला बघा." मी हे वाचलं तेव्हा दुपारचे तीन वाजलेले, हीट प्रेस बंद, कारागीर डॉट निटच्या (जर्सीचं जाळीदार कापड) गठ्ठ्यावर आडवा पडून रील बघायलाय, आणि समोरच्या टेबलावर दीडशे जर्सी पडून आहेत ज्यांच्या पाठीवर एका माणसाचा हात जोडलेला फोटो आहे आणि तो माणूस आता फोन उचलत नाही.

त्या फोटोकडं नंतर येतो.

आमचं घर मूळ युनिफॉर्मवालं. सोलापूर म्हणलं की बाहेरच्यांना चादर आणि शेंगा चटणी आठवते, पण शाळेचे युनिफॉर्म शिवणारं गाव म्हणूनही सोलापूरचं नाव आहे आणि वडलांनी आयुष्यभर खाकी चड्ड्या न् चेक्सचे शर्टच शिवले. पण तो सीझन एप्रिल ते जून, बाकी नऊ महिने मशिनी झाकून ठेवायच्या, म्हणून मी २०१९ ला कर्ज काढून सब्लिमेशन प्रिंटर आणि प्रेस घेतली. काम सोपं आहे, कॉम्प्युटरवर कोरल सॉफ्टवेअरमध्ये डिझाईन करायचं, कागदावर उलटं छापायचं, कापडावर ठेवून दोनशे डिग्रीला दाबायचं, शाईची वाफ होऊन पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते म्हणून धुतली तरी जात नाही. कॉटनवर होत नाही, हे दर दुसऱ्या गिऱ्हाइकाला मी अजून समजावतोय. एक सेट म्हणजे पंधरा जर्सी. नावं आणि नंबर व्हॉट्सॲपवर येतात आणि दर सेटला धोनीचा सात नंबर तिघांना पाहिजे असतो, कोहलीचा अठरा दोघांना, रोहितचा पंचेचाळीस दोघांना, मग त्यांच्यात भांडणं, मग रात्री अकराला मला फोन, "अण्णा, त्याचा सात काढा, माझा ठेवा."

तर खेळाचं अर्थशास्त्र मला कळतं असा काही माझा दावा नाही. पण खेळात पैसा कोण घालतो ते मला कपड्यावरनं कळतं. छातीवर आणि पाठीवर ज्याचं नाव, पैसे त्याचे. वहीत सगळं लिहिलेलं आहे. ती वही चाळली की जो हिशोब दिसतो तो भाच्याच्या आलेखाशी जुळत नाही, एवढंच आज सांगायचंय.

आधी वरचं बघू. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा आला. ड्रीम११ हे असलंच ॲप तेव्हा टीम इंडियाच्या छातीवर होतं, २०२३ ला ३५८ कोटीचा करार झालेला, तो एका झटक्यात गेला आणि सप्टेंबरमध्ये आशिया चषकात आपली टीम स्पॉन्सरशिवाय उतरली. नुसतं इंडिया लिहिलेली कोरी निळी जर्सी. मला तर ती लई आवडली, आणि गिऱ्हाइकांना पण, चार सेट त्याच डिझाईनचे गेले. पण ती स्पर्धा संपायच्या आत अपोलो टायर्सचं नाव जाहीर झालं, ५७९ कोटी, २०२८ च्या मार्चपर्यंत. म्हणजे गेलेल्यापेक्षा आलेला मोठा. वरच्याचं असं असतं, एक भाडेकरू सोडून गेला की दुसरा दारात डिपॉझिट घेऊन उभाच.

कायदा आला त्याच महिन्यात माझ्याकडं काय झालं सांगतो. आपल्याकडच्या एका टेनिस बॉल स्पर्धेला कुठल्यातरी बारक्या ॲपवाल्यानं यूट्यूब लाइव्हचा खर्च आणि आठ टीमच्या जर्सी द्यायचं कबूल केलेलं. १२० जर्सी. डिझाईन पास झालेलं, कागद छापून झालेला. कायदा आला आणि ॲपवाला गायब. आयोजक माझ्याकडं आले, बसले, चहा प्याले, म्हणाले अण्णा कायतरी ॲडजस्ट करा. काय ॲडजस्ट करू, शाई काय परत बाटलीत जाते? त्यांना अपोलो टायर्स नाही मिळाला. शेवटी एका डेअरीवाल्यानं दोन टीम घेतल्या, एका मोबाईल शॉपीनं एक, आणि स्पर्धा आठ टीमवरनं सहावर आली, त्यातल्या तिघांनी मागच्या वर्षीच्याच जर्सी घातल्या.

भाचा म्हणतो मामा तुम्ही एका किस्स्यावरनं निष्कर्ष काढता. बरं, मोठे आकडे घे. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटीला गेले, सामने ४१०, म्हणजे एका सामन्याचे ११८ कोटी. त्याच्या आधीच्या पाच वर्षांचे १६,३४७ कोटी होते, म्हणजे तिपटीला थोडंसंच कमी. यातला निम्म्याच्या आसपास पैसा फ्रँचायझींमध्ये वाटला जातो, एकही बॉल पडायच्या आधी, म्हणूनच २०२१ ला लखनौची टीम ७,०९० कोटीला घेणारा माणूस वेडा नव्हता. ते सगळं मान्य. पण २०२२ चा तो लिलाव एवढा चढला का, तर टीव्हीला एक आणि डिजिटलला दुसरा असे दोन तगडे लोक एकमेकांना भिडलेले, टीव्ही स्टारनं घेतलं आणि डिजिटल वायकॉम १८ नं. आणि नोव्हेंबर २०२४ ला त्या दोघांचं लग्न झालं. आता २०२७ नंतरच्या लिलावात समोर कोण बसणार? लिलावात एकच मोठं गिऱ्हाईक राहिलं की भावाचं काय होतं हे एमबीएला विचारायची गरज नाही, आपल्या सोलापूरच्या मार्केट यार्डात कांदा घेऊन आलेल्या कुठल्यापण शेतकऱ्याला विचारा. कदाचित अमेरिकेतली एखादी मोठी कंपनी येईल आणि परत भाव चढतील, येऊ पण शकतंय, पण दर पाच वर्षांनी तिप्पट ही जी सवय लागलीय ना लोकांना ती मोडणार असं मला वाटतंय.

आणि त्या बाजारात पण सगळं क्रिकेटच. ग्रुपएम या जाहिरात कंपनीच्या अहवालात २०२४ चा खेळातला जाहिरात-स्पॉन्सरशिपचा पैसा १६,६३३ कोटी दाखवलाय, त्यातला ८५ टक्के एकट्या क्रिकेटचा. फुटबॉलचं बघा, इंडियन सुपर लीग (आयएसएल) चालवणाऱ्यांचा फुटबॉल महासंघाबरोबरचा करार संपत आला आणि नवा होईना म्हणून २०२५ ला देशाची सगळ्यात मोठी लीग ठरल्या वेळेला सुरूच झाली नाही. क्लबच्या जर्सी शिवणाऱ्यांचं काय झालं असेल, माझ्या डोक्यात आधी तेच आलं.

आता आपलं. सोलापूरच्या नावाची टीम होती, सोलापूर रॉयल्स, महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये (एमपीएल). २०२३ ला लीग सुरू झाली तेव्हा आम्ही लई खूश, म्हणलं आता आपल्या पार्क मैदानावर सामने होणार, गर्दी होणार, जर्सी विकल्या जाणार. सामने कुठं? पुण्याजवळ गहुंजेला. सगळे. कारण एका मैदानावर कॅमेरे एकदा लावले की लावले, गावोगाव हलवायचा खर्च परवडत नाही, प्रकाशझोताची सोय पाहिजे, खेळाडूंना हॉटेलं पाहिजेत. कारण पटतंय मला. पण म्हणजे नाव सोलापूरचं होतं आणि सामन्याच्या दिवशीचा चहा, वडापाव, रिक्षा, लॉज सगळं पुण्याचं. आमच्या वाट्याला टीव्ही.

उलट २०२४ च्या जानेवारीत पार्क मैदानावर महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला. इतक्या वर्षांनी रणजी सोलापुरात. मणिपूरची टीम म्हणजे काय भारत-ऑस्ट्रेलिया नव्हे, टीव्ही नाही, काही नाही. तरी लोक आले, डबे घेऊन आले, म्हातारी माणसं टोप्या घालून सकाळी साडेनऊला बसलेली, आणि चौपाटीवरचा माझा ओळखीचा भजीवाला, जो एरवी संध्याकाळीच गाडा लावतो, तो सकाळपासून उभा. सामना संपेपर्यंत. मी काही जर्सी विकल्या नाहीत, रणजीची जर्सी कोण घेतो, पण पोरांच्या टोप्या शंभरएक खपल्या. भाच्याच्या पीडीएफमध्ये या भजीवाल्याचा रकाना नाही. मी शोधला.

आता फोटोवाला माणूस. आपल्याकडं महापालिकेची मुदत २०२२ ला संपली आणि निवडणूक लागली २०२६ च्या जानेवारीत. या मधल्या काळात सोलापुरात जेवढे चषक झाले ना तेवढे आधीच्या वीस वर्षांत झाले नसतील. अमुक चषक, तमुक करंडक, कुणाच्या वाढदिवसाचा चषक. कारण इच्छुक लोक चार वर्षं गॅसवर. पाठीवर फोटो, फोटोखाली "भावी नगरसेवक". माझ्या वहीत २०२५ च्या दिवाळीनंतरच्या दीड महिन्यात जेवढा धंदा आहे तेवढा त्याआधीच्या सहा महिन्यांत नाही. खोटं का बोलू, माझ्या प्रिंटरचे शेवटचे हप्ते भावी नगरसेवकांनी फेडले. मग आचारसंहिता लागली, फोटोवाले कपडे वाटायची भीती, स्पर्धा रद्द, आणि या साहेबांच्या दीडशे जर्सी इथं. तिकीटच मिळालं नाही म्हणे त्यांना. कारागीर म्हणतो अण्णा, कापून फरशी पुसायला करू. पॉलिस्टर पाणी पीत नाही बे, म्हणलं, त्याचा पण उपयोग नाही.

हसू नका, पण आपल्या गल्लीतल्या खेळाचा सगळ्यात मोठा प्रायोजक हाच आहे. आधी पण हेच होतं. जत्रेच्या कुस्त्या बघा, गावची वर्गणी, माईकवरनं पुकारलेली इनामं, पहिल्या नंबरच्या कुस्तीला कुणीतरी पुढारी नाहीतर कारखानदार. फरक एवढाच की तिथं पैसे हलगीच्या आवाजात सगळ्यांसमोर पैलवानाच्या हातात पडतात. खुराकाचा खर्च बाप करतो तो मात्र कुणी पुकारत नाही.

टर्फचं पण सांगायलाच पाहिजे. माझ्या एका मित्रानं २०२२ ला विजापूर रोडला टर्फ टाकलं. वडिलोपार्जित वीस गुंठे पडून होते, पस्तीस लाख खर्च, अर्धं कर्ज. कृत्रिम गवत, जाळी, एलईडी. पहिलं वर्ष काय सांगू, संध्याकाळी सहा ते रात्री एक, एक तास रिकामा नाही, तासाला हजार, शनिवार-रविवार बाराशे. बँकेतली, दवाखान्यातली, आयटी म्हणून पुण्याहून घरी आलेली पोरं, सगळी रात्री बॉक्स क्रिकेट. मी पण जायचो, गुडघा गेला तेव्हा थांबलो. मग बघता बघता आजूबाजूला पाच टर्फ झाली. ज्याच्याकडं रिकामा प्लॉट त्यानं टर्फ टाकलं. दर हजारचा आठशे, आठशेचा सहाशे. आणि एक गोष्ट कुणीच हिशोबात धरली नव्हती ती म्हणजे आपलं ऊन. मार्च ते जून सकाळी नऊनंतर त्या प्लास्टिकच्या गवतावर पाय ठेवून दाखवा. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री हवा असते तेव्हा गवत तव्यासारखं. म्हणजे विकायला दिवसाचे चोवीस तास नाहीतच, संध्याकाळचे पाच-सहा तासच आहेत, आणि रात्री अकरानंतर शेजारी पोलिसांना फोन करतात. गवत पाच-सहा वर्षांत बदलावं लागतं त्याचे पैसे बाजूला पडायला पाहिजेत, ते पडत नाहीत. आता तो अर्ध्या जागेत पिकलबॉल (टेनिससारखाच छोट्या कोर्टवरचा खेळ) टाकायचा विचार करायलाय. मी म्हणलं, बाबा आधी दुसऱ्या कुणाचं चालतंय का बघ. म्हणला, दुसऱ्याचं चालतंय का बघेपर्यंत पाच जण टाकतील की. त्याचं पण बरोबरच आहे, काय बोलणार.

पण त्याचं टर्फ आज तगून आहे ते क्रिकेट खेळणाऱ्या मोठ्यांवर नाही. सकाळी सहा ते साडेआठ एका कोचला महिन्यावर दिलंय त्यावर. तीस-पस्तीस पोरं, प्रत्येकी महिना फी, वर किट, वर जर्सी, ट्रॅकसूट, सुट्टीत कॅम्प. माझ्या वहीत पण हेच. चषकवाले येतात जातात, ॲपवाले पळतात, अकॅडमीची ऑर्डर दर वर्षी येते आणि पैसे वेळेवर येतात. म्हणजे खरा स्पॉन्सर कोण? बाहेर स्कूटीवर बसून पोराची वाट बघणारा बाप. त्याचं नाव जर्सीवर कुठंच नसतं, पोराचं असतं. सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी २०२३ च्या लिलावात २० लाखाला लखनौत गेला, त्याआधी त्यानं एमपीएलमध्ये ५४ बॉलमध्ये ११७ मारलेले (नाशिकच्या टीमकडून, बघा, सोलापूरचं पोरगं पण सोलापूरकडून नाही), तेव्हापासून अकॅडमीत चौकशी वाढली असं कोचच सांगतो. डॉक्टरांच्या घरातला मुलगा आहे तो, त्यानं मेहनत केलीच, पण हे पण खरं की आज क्रिकेटला घालायला दहा वर्षं पैसे ज्याच्याकडं आहेत त्याचंच पोर लिलावापर्यंत जायची शक्यता जास्त. इंग्लिश विलोची एक बॅट घ्यायला लूमवरच्या कामगाराला किती दिवस राबावं लागतं, करा हिशोब.

म्हणूनच मला किरण नवगिरेचं लई कौतुक. आपल्याच जिल्ह्यातली, माळशिरसकडची. २०२३ ला पहिल्या डब्ल्यूपीएलमध्ये, म्हणजे महिलांच्या आयपीएलमध्ये, आली तेव्हा बॅटला स्पॉन्सर नव्हता, कोऱ्या बॅटवर तिनं पेनानं धोनीचं एमएसडी ०७ लिहिलं आणि पन्नास ठोकल्या. सात नंबरसाठी मला रात्री फोन करणाऱ्या सगळ्या पोरांना मी तो फोटो पाठवतो. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिनं ३४ बॉलमध्ये शतक मारलं, महिला टी२० मधलं सगळ्यात वेगवान. आणि मग दोन नोव्हेंबरला वर्ल्ड कप जिंकला आपल्या पोरींनी. त्यानंतरच्या महिन्यात माझ्याकडं पहिल्यांदा मुलींच्या बॅचची वेगळी ऑर्डर आली, आणि लाज वाटते सांगायला, आमच्याकडं मुलींच्या मापाचा पॅटर्नच नव्हता. सात वर्षं धंदा करतोय, मुलींना आम्ही मुलांचा स्मॉल देत होतो. बायकोनं दोन दिवस बसून नवा पॅटर्न कापला, खांदा, बाही, लांबी सगळं. १३० अब्जाचं माहीत नाही, पण माझा धंदा वाढला तर तो या पॅटर्ननं वाढणार असं मला मनापासून वाटतंय.

शेवटी खो-खो, कारण सोलापूर जिल्ह्यात बसून खो-खोबद्दल नाही बोललो तर वेळापूरवाले मला मारतील. २०२२ ला अल्टिमेट खो-खो आलं, टीव्हीवर, मॅटवर, रंगीत लायटीत, आणि वेळापूरचा रामजी कश्यप हवेत सूर मारताना सगळ्या देशानं बघितला. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला वर्ल्ड कप झाला, पुरुष आणि महिला दोन्ही आपण जिंकले. त्यानंतर कर्नाटकच्या दोघा खेळाडूंनी त्यांच्या सरकारचे ५ लाख नाकारले, कारण महाराष्ट्रानं आपल्या खेळाडूंना सव्वादोन कोटी आणि नोकरी दिली होती. त्या बातमीवर आमच्या शेडमध्ये लई चर्चा झाली. कारागिराचं मत, पैसे सोड, नोकरी मोठी. आणि खरं आहे ते. खो-खो, कबड्डी, कुस्ती खेळणाऱ्या आपल्या पोरांच्या डोक्यात स्टेडियम, ब्रँड, लीग नसतंच, पाच टक्के क्रीडा आरक्षण असतं, पोलीस असतं, रेल्वे असते. आपल्याकडं खेळातली सगळ्यात मोठी कंपनी म्हणजे सरकार, फक्त ती भरती कधी काढेल ते सांगत नाही.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला मामा तुम्ही निगेटिव्ह आहात. मी म्हणलं निगेटिव्ह असतो तर दुसरी प्रेस घ्यायचा विचार केला नसता, पण ती मी आलेख बघून घेणार नाही. मग त्यानं विचारलं त्या दीडशे जर्सींचं काय केलं. काही नाही, फोटोवर काळा पट्टा छापून मैदानावरच्या माळ्यांना द्यायच्या ठरलंय.

काल संध्याकाळी माळशिरस तालुक्यातल्या एका शाळेचे सर आले होते, खो-खोच्या मुलींचा सेट पाहिजे, बारा आणि तीन राखीव. म्हणलं पाठीवर कुणाचं नाव टाकायचं, प्रायोजक? म्हणाले कुणी नाही, गावाचं टाका. दर विचारला, सांगितला, थोडा वेळ गप्प बसले. अर्धे आत्ता देतो म्हणाले, अर्धे पगार झाल्यावर. वहीत लिहून घेतलंय. नवीन पॅटर्नमध्येच करतोय, आणि यावेळी सात नंबर कुणीच मागितलेला नाही.